तेल प्यालेलं लाकूड

बाबा घरी येताना आधी पाण्याचा आवाज यायचा. टेम्पो मोठा रस्ता सोडून आमच्या पाड्याच्या कच्च्या वाटेला लागला की मागच्या बंद पेटीत साठलेलं बर्फाचं पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटे, आणि इंजिनाच्या घरघरीखालून तो आवाज मला चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकू येई. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लहानपणी खाडीत होडीच्या तळाशी असंच पाणी हलायचं आणि मी नारळाच्या करवंटीनं ते उपसून बाहेर टाकायची. फरक एवढाच, की होडीतलं पाणी बाहेरून आत यायचं आणि टेम्पोतलं पाणी आतच तयार व्हायचं. हा फरक साधा आहे, पण तो ध्यानात यायला आमच्या घराला बरेच महिने लागले. घर म्हणजे तरी कोण, बाबा आणि मी. आई नुकतीच गेली होती. ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आम्ही इस्पितळातून तिची पिशवी घेऊन परत आलो.

टेम्पो दारात थांबला की बाबा मागचं दार उघडून, पाय दुमडून पेटीत शिरत आणि बादलीनं पाणी उपसत. बाहेरून बघणाऱ्याला ते फार विचित्र दिसत असणार. रस्त्यावर उभ्या असलेल्या चारचाकी गाडीत एक माणूस ओणवा होऊन तांबूस पाणी बाहेर फेकतोय, अगदी होडी बुडायला आल्यासारखा. मांजरं जमायची. मी पाण्याचा हंडा आणि खराटा नेऊन द्यायची. बाबा बोलायचे नाहीत. ते पहिल्यापासून कमी बोलणारे होते, पण आई असताना ते जाणवत नसे, कारण तिचं बोलणं दोघांना पुरून उरायचं. ती गेल्यावर घरात नुसती भांडी वाजायची. जेवताना मी दोन ताटं मांडायची, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कधी बोंबलाचं कालवण. कालवण आईसारखं होत नसे. चिंच जास्त व्हायची. बाबा ते मुकाट खात, पाणी पीत, आणि हात धुवायला उठत. त्यांच्या उठण्याचा, मोरीतल्या तांब्याचा, मग बाजेच्या करकरण्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. मी पुस्तक उघडायची. त्या वर्षी मी जितकं वाचलं तितकं पुढे ग्रंथालयात आयुष्य काढूनही वाचलं नाही.

आमचा पाडा माजिवड्याच्या मागे, खाडीच्या अंगाला होता. आज तिथे इमारती आहेत आणि मी स्वतः घोडबंदर रोडवर एका अकराव्या मजल्यावर राहते, त्यामुळे खाडीवर आमची होडी होती हे शेजाऱ्यांना सांगितलं तर ते हौसेची गोष्ट ऐकल्यासारखं हसतात. हौस नव्हती. खाडीत मासळी होती तोवर होडी हे आमचं पोट होतं. मग पाणी काळं झालं, जाळ्यात पिशव्या यायला लागल्या, आलेली मासळी रॉकेलसारखी लागायला लागली. बाबांनी तरी आणखी दोन वर्षं रेटलं. शेवटी आईच म्हणाली, होडी काढून टाकू या, टेम्पो घेऊ या, धक्क्यावरून मासळी उचलू आणि डोंबिवलीला बाजारात पोचवू. आई स्वतः डोंबिवलीच्या मासळीबाजारात बसायची. तिथल्या सगळ्या बायका पहाटे धक्क्यावर जाऊन, डोक्यावर टोपल्या घेऊन येत, आणि त्यांची कंबर मोडत होती. त्यांना बसल्या जागी माल देणारा आपला माणूस मिळाला तर सगळ्यांचंच भलं, हे तिचं गणित होतं.

टेम्पो आला तेव्हा त्याला नुसता सांगाडा होता. पेटी बांधून घ्यायची होती. ती बांधून होण्याआधी आई गेली.

पेटीच्या भिंती आणि छत बाबांनी पत्र्याचं करून घेतलं, पण तळासाठी त्यांनी सुताराला बोलावलंच नाही. होडी मोडून तिच्या फळ्या घरामागे रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या सरळ सरळ फळ्या त्यांनी निवडल्या, वाकलेल्यांवर दगड ठेवून त्या बसवल्या, आणि स्वतःच्या हातानं तळ घातला. फटींमध्ये कापसाची वात राळेत भिजवून ठोकली, होडीला ठोकतात तशीच. दाराशी चार बोटं उंच उंबरठा ठेवला, पाणी आत येऊ नये म्हणून. काम इतकं देखणं झालं होतं, की पाड्यातली म्हातारी माणसं येऊन फळ्यांवर हात फिरवून गेली. त्या तळात एकही भोक नव्हतं. कोळ्याच्या हातून भोक राहणारच नाही. आमच्यात एखाद्याला निकामी ठरवायचं असेल तर त्यानं बांधलेल्या होडीतून उजेड दिसतो म्हणतात.

त्या फळ्या काळ्याभोर होत्या. दरवर्षी नारळी पुनवेच्या आधी आई घरामागे तीन दगडांवर मोठं पातेलं चढवायची. त्यात मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल आणि राळ. तो वास ज्यानं घेतला नाही त्याला सांगता येणार नाही. पाड्यातल्या प्रत्येक घरामागे त्या दिवसांत तोच वास असायचा, आणि शाळेत आम्हां कोळ्यांच्या मुलांच्या बाकाभोवती आपोआप मोकळी जागा व्हायची. तेल कोमट झालं की आई जुन्या लुगड्याचा बोळा करून ते फळीफळीला चोळायची, आतून आणि बाहेरून, लाकूड पिईल तितकं. "पी रं बाबा," असं ती होडीला म्हणायची, लेकराला म्हणावं तसं. इतक्या वर्षांत त्या लाकडानं किती तेल प्यालं असेल कोण जाणे.

आता त्याच लाकडावर बर्फाचं, रक्ताचं, खवल्यांचं पाणी तासन्‌तास उभं राहू लागलं. पत्र्याच्या पेटीत ऊन तापायचं. जुनं तेल वर यायचं, त्यात नवं पाणी मिसळायचं. बादलीनं उपसून, खराट्यानं घासून, फिनेल टाकूनही वास हटेना. तो माशाचा वास नव्हता. ताज्या माशाला वास नसतोच. तो कशाचा तरी जुना, राहून गेलेला वास होता.

हिरामावशी आईची मैत्रीण, आणि बाजारात तिची शेजारीण. दोघी रोज भांडायच्या आणि रोज एकमेकींचा डबा खायच्या. एका रविवारी मी बाबांबरोबर डोंबिवलीला गेले होते तेव्हा तिनं मला टोपलीआड ओढलं.

"गो शैले, तुज्या बापसाला सांग. मासली ताजी हाय, ते मना दिसतंय. पन त्या पेटीतून काडली का शिली वाटते. गिऱ्हाईक नाकाला पदर लावतं नि माज्याकरं बगतं, जसं काय मीच दोन दिस आंघोल केली नाय."

मी म्हटलं, "मावशी, रोज धुतो आम्ही."

"धुवून जातं ते घान. ह्यो वास हाय." तिनं माझी हनुवटी धरली. "तुजी आयस असती तं तिनं बापसाला त्या पेटीत कोंबून दोघांना संगती धुतला असता. शिमग्यापावत बगीन मी. मंग दुसऱ्याचा माल घेईन. आनि मी घेतला का माज्यामागून समद्या जनी घेतील. मना वाईट वाटंल पोरी, पन नाक माजंच हाय ना."

बाबा चार हात अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. ते गाडीत जाऊन बसले.

आईच्या जुन्या गिऱ्हाइकांत गुप्ते काका होते. कायस्थ माणूस, मासळीची पारख अशी की कल्ले न उघडता सांगायचे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या फरशांना आणि टाक्यांना द्यायचे लेप बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये ते कामाला होते. मी पुढच्याच आठवड्यात कॉलेज बुडवून त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला ऑफिसच्या पायरीवरच बसवलं, चहा मागवला, आणि आधी आईबद्दल बोलले.

"तुझी आई मला वाम दिली की डोकं वेगळं बांधून द्यायची, कालवणाला. हिराबाई डोक्याचंही वजन करते गं! बाजार बिघडला." मग माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साधा ऑइलपेंट विसर. बर्फाच्या पेट्या ओढल्या की आठ दिवसांत खरवडून निघेल. डांबर लावशील तर मासे डांबराचे लागतील. पत्रा ठोकलात तर खिळ्यांच्या भोकांतून पाणी खाली जाईल आणि पत्र्याखाली लाकूड कुजेल, तुम्हांला कळणारही नाही. तुला हवी एपॉक्सी. तीही राळच समज, फक्त झाडाची नाही, कारखान्यातली. दोन डबे असतात. वेगवेगळे ठेवले तर वर्षभर नुसते पातळ राहतात. एकत्र केले की तापतात, आणि तासाभरात असे जमतात की पुन्हा सुटे करता येत नाहीत." ते थांबले आणि हसले. "लग्नासारखं. पण तू अजून लहान आहेस."

त्यांनी नमुन्याचे दोन डबे दिले. निघताना मागून हाक मारून विचारलं, "अगं, आणि पाणी जायला भोक कुठे ठेवलंय?"

मी म्हटलं, भोक नाही.

"मग आधी ते पाडा," ते म्हणाले.

बाबांनी डबे उलटेपालटे करून पाहिले. लेप लावायला ते नाही म्हणाले नाहीत. भोकाचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

"तलाला भोक?"

"पाणी जायला, बाबा."

"त्या गुप्त्यांना सांग, तुमी खुर्चीवर बसता, आमी पान्यावर. होरीला कुनी भोक पारतं?"

"टेम्पो आहे तो."

"लाकूर होरीचं हाय," ते म्हणाले, आणि तेवढ्यावर विषय संपला.

आम्ही दोघांनी मिळून तळ धुण्याच्या सोड्यानं घासला, दोन दिवस वाळवला, आणि दाराजवळच्या तीन फळ्यांवर तो लेप दिला. राखाडी रंगाचा, काचेसारखा चकाकणारा. दुसऱ्या दिवशी हाताला दगडासारखा लागला. मी इतकी खूश झाले, की कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला पहिल्यांदा हात वर करून प्रश्न विचारला. आठवडाभरात बर्फाच्या पेट्यांखाली तो सुटायला लागला. तडकला नाही, झिजला नाही, नुसता सुटला. बाबांनी एका कडेला नख घातलं आणि हातभर लांब तुकडा अखंड वर आला, सापानं टाकलेल्या कातीसारखा. खाली लाकूड होतं तसंच होतं, काळं, किंचित ओलसर, चमकणारं. लेपानं त्याला धरलंच नव्हतं.

बाबा तो तुकडा हातात घेऊन पेटीतच बसले. मग त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. आई गेल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं, म्हणून ते हसू आहे हे मला लगेच कळलं नाही.

"तुजी आयस," ते म्हणाले, "आपल्या जागंवर कुनाला बसू देत नव्हती."

आई गेल्यानंतर तिच्याबद्दल ते बोललेलं ते पहिलं वाक्य.

गुप्ते काकांनी ऐकल्यावर मान हलवली. तेल मुरलेल्या लाकडावर कुठलाच लेप धरत नाही, जगातला कितीही महाग आणा, म्हणाले. वरून रंधा मारून उपयोग नाही, तेल फळीच्या पोटात आहे. फळ्या काढा, पाण्यात न सुटणारं जाड प्लायवूड घाला, मागे उतार द्या, भोक ठेवा, आणि मग लेप. मी हे सगळं घरी येऊन सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि जाळ्याची एक जुनी दोरी घेऊन ती उगाच विणायला बसले. त्या दोरीला आता काही काम नव्हतं. पुढे कितीतरी दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतंही बोलणं टाळलं, आणि मीही. काढा म्हणणं म्हणजे काय काढा म्हणणं होतं ते आम्हां दोघांना कळत होतं, आणि न काढण्याचा अर्थही कळत होता. टेम्पो बंद पडला तर घरात दुसरं काही येत नव्हतं.

शिमगा झाला. हिरामावशीनं शब्द पाळला.

त्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून येत होते. माजिवड्याच्या नाक्यावर बसमधून उतरले तर हायवेच्या कडेला, जिथे ट्रकवाले चहाला थांबतात तिथे, टोपल्या मांडून बाबा बसले होते. समोर पापलेटं, हलवे, बर्फाचा चुरा. ते ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, नजर रस्त्यापलीकडे. लोक जात होते. एखादा थबकला तर बाबा त्याच्याकडे बघत नव्हते, आणि तो पुढे जात होता. ते हाक मारत नव्हते. आमच्यात पुरुष मासळी मारतो, विकत नाही. विकायला बाई बसते, भाव बाई बोलते, गिऱ्हाइकाला शिव्या बाई देते आणि परत बोलावून वाटा वाढवूनही बाईच देते. बाबांना पापलेटाचा भाव माहीत होता, तो तोंडानं कसा बोलायचा हे माहीत नव्हतं.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. पुस्तकं मांडीखाली घेतली. वाटलं, आपण हाक मारावी. आईची हाक मला पाठ होती. पापलेटच्या "पा"वर ती आवाज उचलायची आणि शेवटी असा सोडून द्यायची, की माणूस वळून बघायचाच. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी वर्गातही हळू बोलणारी मुलगी, बापाची लेक. मग आम्ही दोघं तिथे नुसते बसलो, दोन मुकी माणसं आणि मधे बर्फ वितळत असलेली मासळी. ट्रक जात होते. त्यांचा वारा लागला की टोपलीवरचं ओलं फडकं हलायचं. या शहरात मी पुढे पुष्कळ एकटी राहिले, पण एकटेपणा म्हटलं की मला अजून तो नाका दिसतो, आणि तिथे मी एकटी नव्हतेच.

अंधार पडायच्या आत बाबांनी टोपल्या उचलल्या. घराच्या वाटेवर, टेम्पोत, पाणी मागे आपटत असताना ते म्हणाले, "काडू या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पहार लावली. मला हात लावू दिला नाही. फळ्यांच्या फटींतल्या वाती त्यांनीच इतक्या घट्ट ठोकल्या होत्या, की प्रत्येक फळी सुटताना लाकूड कण्हायचं. निघालेली प्रत्येक फळी ते पुसून भिंतीला उभी करत होते. मग प्लायवूड आलं. उताराला खाली पट्ट्या मारल्या. गुप्ते काका रविवारची सुट्टी सोडून, जुनी पॅंट घालून आले आणि दाराशी उभे राहून सूचना देऊ लागले. आधी पातळ हात, प्लायवूडमध्ये मुरायला. मग जाड. कोपऱ्यांत लेप वीतभर भिंतीवर चढवायचा, म्हणजे सांध्यात पाणी शिरत नाही. मिसळलेला डबा हातात धरून ठेवायचा नाही, पटकन ओतायचा, नाहीतर डब्यातच तापून दगड होतो. आणि ओला असतानाच वरून वाळू, पाय घसरू नये म्हणून.

वाळू म्हटल्याबरोबर बाबा घमेलं घेऊन खाडीकडे निघाले. काकांनी कपाळाला हात लावला. "अहो, खारी वाळू नको! मीठ राहिलं तर ओल धरेल, लेपाला फोड येतील."

बाबा वळले. "खारं नको? मासली ठेवायची हाय का बासुंदी?"

"लेप बासुंदीसारखाच सांभाळायचा आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी आणलेली धुतलेली, वाळवलेली पांढरी वाळूची पिशवी पुढे केली. ती मी आईच्या पिठाच्या चाळणीतून भुरभुरवली. मी दारातून मागे मागे सरकत होते आणि राखाडी तळावर पांढरं पडत होतं, पहाटेच्या गवतावर दव पडावं तसं.

"आता उद्या दुपारपर्यंत आत कुणी जायचं नाही," काका म्हणाले. "मांजरसुद्धा." आणि मी भरून दिलेला बोंबलाचा डबा घेऊन गेले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेम्पोच्या दाराशी मांजरं हाकत बसलो. धक्क्यावर जायचं नव्हतं. उपसायला पाणी नव्हतं, विणायला दोरी बाबांनी बरोबर आणली नव्हती. लेप जमेपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. मला वाटतं म्हणूनच ते बोलले. माझ्याकडे न बघता, भिंतीला उभ्या केलेल्या फळ्यांकडे बघत.

"ती लगीन करून आली, पयल्या वर्साची गोष्ट. आमची आयस म्हनली, सून तेल करंल. हिनं कदी केलंच नव्हतं, पन येत नाय बोलंल तं ती कसली? राल टाकली दुप्पट. तेल झालं गुलाचा पाक. होरीला लावलं, नि वालंच ना. पुनवेला नारल घेऊन मी होरीत बसलू नि उठाया गेलू, तं उठताच येईना." ते हसू लागले. "कमरंचा रुमाल फलीला चिकटला. समदा पारा बगतोय नि मी बसलेलाच. मंग आयस बोलली, सुनंनं नवऱ्याला बांदून ठेवलान. त्या वर्सी होरीत जो बसला तो चिकटला."

मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना. बाबा उठले नाहीत, जवळ आले नाहीत. ते तसे नव्हते. त्यांनी एक खडा उचलून मांजराच्या दिशेनं टाकला. थोड्या वेळानं, अगदी हळू, घशातल्या घशात, त्यांनी आईची हाक काढली. "पापलेऽऽट घ्या गोऽ..." "पा"वर आवाज चढला नाही, फाटला. पण शेवट त्यांनी बरोबर सोडला, तिच्यासारखा. अंगणात ऐकायला मी आणि ती मांजरं. मांजरं मात्र लगेच वळून बघायला लागली.

दुपारी बाबांनी आत पाय ठेवला. तळ वाजला, भरीव. त्यांनी वाकून मागच्या कोपऱ्यात बोटानं खूण केली आणि माझ्याकडे गिरमिट मागितलं. होडीचंच गिरमिट, लाकडी मुठीचं. टोक टेकवून ते थांबले.

"सात पिढ्यांत कुनी केलं नसंल बग," ते म्हणाले. "आपल्याच हातानं आपलीच होरी बुडवायची."

मग त्यांनी मूठ फिरवली. भुसा खाली पडला. मी टेम्पोखाली वाकून पाहिलं तर भोकातून उजेड दिसत होता. भोकाच्या कडा त्यांनी उरलेल्या लेपानं आतून पुसून घेतल्या, तिथून प्लायवूड पाणी पिऊ नये म्हणून, आणि मी एक तांब्या पाणी समोरून सोडलं. ते उतारावरून सरसर गेलं आणि भोकातून खाली मातीत पडलं. बाबा ते बघत राहिले. म्हणाले, "आजून एक तांब्या सोड."

हिरामावशीनं त्या आठवड्यात पेटीत डोकं घालून दीर्घ श्वास घेतला, दोनदा. "अं," ती म्हणाली, "रंगाचा वास मारतोय. पन मेल्याचा नाय." आणि तिनं दोन टोपल्या उचलल्या. टेम्पो त्यानंतर पुष्कळ वर्षं चालला. इंजिन दोनदा बदललं. तो तळ शेवटपर्यंत तसाच होता. आता मात्र टेम्पो घरी आला तरी मला कळायचं नाही. पाणी वाजायचं नाही. बाबा एकदम दारात उभे दिसायचे.

फळ्यांचं त्यांनी बाकडं केलं. ते आधी पाड्यातल्या घरासमोर होतं, मग पाडा गेला तेव्हा बाबांबरोबर या फ्लॅटच्या बाल्कनीत आलं. म्हातारपणी ते त्यावर बसून खाली घोडबंदर रोडवर अडकलेल्या गाड्या बघायचे आणि कुठल्या टेम्पोत मासळी आहे ते मला सांगायचे. गेल्या दिवाळीच्या आधी बाबा गेले. नंतर घर रंगवून घेताना पॉलिशवाल्याला मी बाकडंही दाखवलं. तो दुपारभर त्याच्याशी झटला आणि मला बोलवायला आला.

"मॅडम, ह्याच्यावर काही धरतच नाही. हात मारला की सरकतं. काय लावलंय ह्याला?"

"तेल," मी म्हटलं. "आईनं लावलंय."

"मशीननं वरचा थर उतरवून देऊ का? नवं होईल."

"नको. राहू दे."

आता मे महिना आहे. दुपारी बाल्कनीत ऊन आलं की फळ्या हाताला किंचित ओलसर लागतात. त्यावर बसून उठलं की साडीला डाग पडलेला असतो. आमचा इस्त्रीवाला दर आठवड्याला ती साडी उलगडून मला दाखवतो. "बाई, हा डाग जाणार नाही हं."

"माहीत आहे," मी म्हणते.